महामंदीतल्या अमेरिकेच्या सीसीसी छावण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं पाहून आलेली मंडळी, आपल्याकडे मृद्‌संधारणात राबणारे कार्यकर्ते आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, या तिघांकडून सीसीसीबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो, तिथे क्रमांक दिला आहे.

१. सीसीसी म्हणजे नेमकं काय होतं?

सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर, मराठीत सांगायचं तर नागरी संवर्धन दल. शेवटचा शब्द आपल्याकडे बरेचदा ‘कॉर्प्स’ असा वाचतात, उच्चार मात्र ‘कोअर’ आहे.

१९२९ नंतरच्या महामंदीने अमेरिकेचं कंबरडं मोडलं. १९३३ साली तिथे काम करू शकणाऱ्या चार माणसांमागे एक बेकार होता आणि नुकती मिसरूड फुटलेल्या पोरांना तर कोणी दारात उभं करत नव्हतं. अशा तरुणांना सरकारने रानात छावण्या उभारून ठेवलं, जेवणखाण, कपडे आणि औषधपाणी दिलं आणि त्यांच्याकडून जंगल, माती, पाणी आणि उद्यानांची कामं करून घेतली. १९३३ ते १९४२ या नऊ वर्षांत सुमारे ३० लाख तरुण या छावण्यांमधून गेले. ऐन भरात, म्हणजे १९३५ मध्ये, एकाच वेळी पाच लाखांवर पोरं अडीच हजारांहून जास्त छावण्यांत होती.

जुने कागद चाळणाऱ्यांसाठी एक खूण: १९३७ पर्यंत या योजनेचं कायदेशीर नाव ‘इमर्जन्सी कॉन्झर्व्हेशन वर्क’ असं होतं. ‘सीसीसी’ हे नाव लोकांच्या तोंडी आधीपासून होतं, कायद्यात ते नंतर आलं.

२. सरकारी योजना एवढ्या झटपट कशी उभी राहिली?

तारखाच बघा. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली. ३१ मार्चला कायदा मंजूर झाला. ७ एप्रिलला पहिल्या तरुणाची भरती झाली आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियातल्या जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात पहिली छावणी, ‘कॅम्प रूझवेल्ट’, सुरू झाली. जुलैपर्यंत सुमारे पावणेतीन लाख पोरं छावण्यांत दाखल झाली होती.

यामागची युक्ती साधी होती: नवं खातं काढायचंच नाही, आहे त्यांनाच कामं वाटून द्यायची. निवड कामगार खात्याने करायची. पोरांना रेल्वेने पोचवणं, राहणं, जेवण आणि दवाखाना लष्कराने बघायचा, कारण हजारो माणसं रातोरात हलवण्याची सवय दुसऱ्या कुणालाच नव्हती. प्रत्यक्ष काम कृषी आणि अंतर्गत (सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारं) या दोन खात्यांच्या वनाधिकाऱ्यांनी आणि अभियंत्यांनी करून घ्यायचं.

कामगार संघटना मात्र बिथरल्या होत्या. दिवसाला एक डॉलर हा दर रूढ झाला तर उद्या सगळ्यांची मजुरी तिथवर खाली येईल ही त्यांची भीती होती आणि ती उगाच नव्हती. रूझवेल्ट यांनी संचालक म्हणून रॉबर्ट फेक्नर या संघटनेतल्याच पुढाऱ्याला नेमलं आणि विरोधाची धार बोथट केली.

३. कोणालाही जाता येत होतं का?

नाही. सुरुवातीला वय १८ ते २५, अविवाहित, बेकार, अमेरिकेचा नागरिक, आणि ज्याचं घर सरकारी मदतीवर चाललं आहे असा तरुण, ही अट होती. १९३५ मध्ये वयोमर्यादा १७ ते २८ केली गेली, १९३७ मध्ये ती १७ ते २३ वर आली आणि घर मदतीवर असण्याची अटही सैल झाली. भरती सहा महिन्यांची असे, ती वाढवून साधारण दोन वर्षांपर्यंत राहता येई.

अपवाद तीन. पहिल्या महायुद्धातले बेकार सैनिक मे १९३३ पासून घेतले गेले आणि त्यांना वयाची किंवा लग्नाची अट नव्हती. दुसरे ‘स्थानिक जाणकार’: लाकूडतोडे, गवंडी, सुतार असे गावातले अनुभवी गडी. शहरातल्या पोराला कुऱ्हाड कशी धरायची हे शिकवणारं कोणीतरी हवंच होतं, शिवाय गावातल्या बेकारांना डावलून बाहेरची पोरं आणली ही तक्रारही त्यामुळे कमी झाली. तिसरा अपवाद मूळ अमेरिकन जमातींचा, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

४. ३० डॉलर पगार आणि त्यातले २५ सक्तीने घरी? हा अन्याय नव्हता का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण तरुण असतात आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. घाम माझा, पैसा दुसऱ्याच्या हाती. पण छावणीत राहणं, जेवण, कपडे, दात काढण्यापासून टाके घालण्यापर्यंत सगळं फुकट होतं. खिशात उरलेले पाच डॉलर दाढीचं सामान, टपाल आणि शनिवारच्या सिनेमाला पुरायचे. उरलेल्या २५ डॉलरचा चेक दर महिन्याला थेट आईबापाच्या नावे जायचा.

ज्या घरात वर्षभर रोकड बघितली नव्हती, तिथे या चेकने वाण्याची उधारी फिटली आणि धाकट्या भावंडांच्या पायात बूट आले. पैसे गावातल्याच दुकानात खर्च व्हायचे, त्यामुळे दुकानदारही तगला. सीसीसीचं नाव निघालं की लोक झाडं मोजायला लागतात. माझ्या मते मोजायचे तर हे चेक आधी मोजावेत. गावोगावच्या लोकांनी ही योजना आपली मानली ती त्यांच्यामुळे.

टोळीचे म्होरके आणि उपम्होरके यांना ४५ आणि ३६ डॉलर मिळायचे.

५. छावणीतला दिवस कसा असायचा?

एका छावणीत साधारण दोनशे पोरं. सकाळी सहाच्या सुमाराला बिगूल, मग पोटभर नाश्ता, आठच्या आत ट्रकमधून कामावर. दुपारचं जेवण रानातच. चारच्या सुमाराला परत, झेंडा उतरवणं, जेवण, आणि मग संध्याकाळ मोकळी. रात्री दहाला दिवे बंद. आठवड्याला ४० तास काम.

पहिल्या वर्षी बरेच जण लष्करी तंबूत राहिले आणि पहिल्या महायुद्धातले शिल्लक कपडे घालून वावरले, कुणाच्या अंगात ढगळ तर कुणाला तोकडे. नंतर लाकडी बराकी आल्या. जेवण साधं, पण मागाल तेवढं. उपाशी घरातून आलेल्या कित्येक पोरांचं वजन पहिल्या काही महिन्यांतच दहा-बारा पौंडांनी वाढलं.

संध्याकाळी वर्ग भरत. टंकलेखन, मोटारदुरुस्ती, मोजणी आणि अगदी मुळाक्षरंसुद्धा. चाळीस हजारांवर तरुण छावणीत येऊन लिहायला-वाचायला शिकले. आईला स्वतःच्या हाताने पहिलं पत्र लिहिणारा वीस वर्षांचा पोरगा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा आकडा आकडा राहत नाही.

सगळेच रमले असं नाही. घरच्या आठवणीने आणि शिस्तीच्या काचाने पळून जाणारेही पुष्कळ होते.

६. काम म्हणजे फक्त झाडं लावणं का?

लोकांनी कौतुकाने त्यांना ‘रूझवेल्टची वृक्षसेना’ म्हटलं, त्यातून हा समज रुजला. लागवड मोठी होतीच. तिची पद्धत आपल्याकडच्या रोपवनात काम केलेल्यांना लगेच ओळखू येईल. दोघांची जोडी. एक जण कुदळीने जमिनीत फट पाडतो, दुसरा ओल्या पिशवीतून रोप काढून मुळं सरळ सोडतो आणि टाचेने माती दाबतो. टाच नीट दाबली नाही तर आत पोकळी राहून मुळं सुकतात. मुळं दुमडून बसली तर रोप आज हिरवं दिसतं आणि काही वर्षांनी मान टाकतं. अशा जोड्या रांगेत, अंतर राखून, दिवसभर डोंगर चढत.

पण माझ्या लेखी याहून मोठं काम मातीचं आहे. विस्कॉन्सिनमधल्या कून व्हॅलीत उतारावर वर्षानुवर्षं उभी नांगरट केल्याने घरं गिळतील एवढ्या घळी पडल्या होत्या. १९३३ मध्ये मृद्‌संधारणाचे पुरस्कर्ते ह्यू हॅमंड बेनेट यांच्या धूपनियंत्रण खात्याने तिथे अमेरिकेतला पहिला पाणलोट प्रकल्प हाती घेतला. सीसीसीच्या पोरांनी घळींमध्ये बांध घातले, कुंपणं टाकून चढावरच्या झाडीत गुरं जाणं थांबवलं आणि समपातळी रेषा आखून दिल्या. त्या रेषांवरून शेतकऱ्यांनी आडवी नांगरट आणि पट्टापेर सुरू केली. काम एका बांधावर थांबलं नाही, डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंत सगळं एकत्र धरलं गेलं. शेतकऱ्यांना बरोबर घेतल्यामुळेच ते टिकलं. आजही त्या दरीत टेकड्यांवर वळणावळणाचे पट्टे दिसतात.

आगीचं काम जिवावरचं होतं. जंगलात तीन हजारांवर टेहळणी मनोरे, हजारो मैल टेलिफोनच्या तारा आणि वनरस्ते त्यांनी उभे केले. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याने सहाशे मैलांहून लांब जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा, काढली. ऑगस्ट १९३७ मध्ये वायोमिंगच्या शोशोनी वनात ब्लॅकवॉटर नावाची आग भडकली, तिने १५ जणांचा बळी घेतला आणि ३८ जण होरपळले. मृतांमध्ये निम्म्याहून अधिक सीसीसीची पोरं होती.

शिवाय आठशेच्या आसपास उद्यानांची उभारणी किंवा सुधारणा. व्हर्जिनिया राज्याची पहिली सहा राज्य उद्यानं १५ जून १९३६ ला एकाच दिवशी खुली झाली, ती सगळी याच हातांनी घडवलेली.

७. ‘३०० कोटी झाडं’ हा आकडा खरा का? आणि ती सगळी जगली का?

दोनशे ते तीनशे कोटी असा अंदाज दिला जातो. तो लावलेल्या रोपांचा आहे, जगलेल्यांचा नाही. भाषणात वापरताना हा फरक कृपया सांभाळा. आपल्याकडच्या वृक्षलागवडीच्या आकड्यांनाही तीच कसोटी लावावी लागते.

टीकाही तेव्हापासूनची आहे. पुष्कळ ठिकाणी पाइनची एकसुरी, ओळीत लावलेली रोपवनं झाली. दक्षिणेत धूप थांबवायला कुडझू नावाची जपानी वेल लावली गेली, ती पुढे झाडं, खांब, घरं सगळं गुंडाळत सुटली. दुर्गम रानांत रस्ते घुसले, आणि त्या अस्वस्थतेतून १९३५ मध्ये अस्पर्श रानं राखण्यासाठी ‘वाइल्डरनेस सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांमधले वनतज्ज्ञ आणि लेखक आल्डो लिओपोल्ड सीसीसीला आतून ओळखत होते, कारण नैर्ऋत्य अमेरिकेत त्यांनी या पोरांच्या धूपनियंत्रणाच्या कामावर देखरेख केली होती.

मला मोलाचं वाटतं ते पुढचं. मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात १९३५ पासून सीसीसीचीच छावणी होती. तिथे पडीक शेतजमिनीवर मूळचं उंच गवताचं कुरण पुन्हा उभं करण्याचा प्रयोग झाला. परिसंस्था पुनर्स्थापना या आजच्या शास्त्राची पाळंमुळं तिथे सापडतात. झाड लावणं म्हणजेच संवर्धन नाही, कधी गवत परत आणावं लागतं, हा धडा याच योजनेच्या पोटातून निघाला.

८. लष्कर होतं म्हणजे ही छुपी सैन्यभरतीच ना?

बंदूक नव्हती, कवायत नव्हती, आणि पोरगा कधीही सोडून गेला तर लष्करी खटला नव्हता. तरीही जर्मनीत त्याच सुमारास चाललेल्या श्रमछावण्यांमुळे संशय घेणारे अमेरिकेत होते आणि त्यांनी डोळ्यात तेल घालून पहारा ठेवला हे चांगलंच झालं.

परिणाम मात्र झाला. पाठीशी शिस्त आणि अंगात ताकद असलेले, ट्रक आणि यंत्रं चालवणारे लाखो तरुण १९४१ नंतर सैन्यात गेले. अधिकाऱ्यांनाही शिकायला मिळालं. पुढे सरसेनापती झालेले जॉर्ज मार्शल तेव्हा जॉर्जिया, साउथ कॅरोलिना आणि नंतर वायव्येतल्या छावण्या सांभाळत होते आणि त्यांनी या कामात मनापासून रस घेतला.

९. कृष्णवर्णीय तरुणांना समान वागणूक मिळाली का?

कायद्यात होती, छावणीत नव्हती. शिकागोचे ऑस्कर डी प्रीस्ट हे त्या वेळी काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतले, एकमेव कृष्णवर्णीय सदस्य. वंश, वर्ण वा पंथ यांवरून भेदभाव करायचा नाही, ही दुरुस्ती त्यांनी कायद्यात घालून घेतली. पण दक्षिणेत निवड करणारेच कृष्णवर्णीयांना डावलत, आणि १९३५ मध्ये फेक्नर यांनी सगळीकडे वेगळ्या छावण्यांचा आदेश काढला. काही मिश्र छावण्या होत्या त्याही बहुतेक मोडल्या. सुमारे दोन लाख कृष्णवर्णीय तरुण तरीही सीसीसीत गेले, पण त्यांच्यावरचे अधिकारी जवळपास सगळे गोरे. छावणी आपल्या गावाजवळ नको म्हणून गावंच्या गावं अर्ज करत.

भेदभाव नको हे कायद्यात लिहिलं की काम झालं असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावं.

१०. मुलींसाठी काहीच नव्हतं?

फार थोडं. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आणि कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्या आग्रहाने १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या बेअर माउंटनला ‘कॅम्प टेरा’ ही मुलींची छावणी सुरू झाली, पुढे तशा आणखी काही निघाल्या. सुमारे साडेआठ हजार मुलींना त्यांचा लाभ झाला. तिथे जंगलाची कामं किंवा मुलांसारखा पगार नव्हता, वृत्तपत्रांनी टिंगलच जास्त केली आणि १९३७ मध्ये त्या बंद पडल्या. ३० लाख विरुद्ध साडेआठ हजार.

११. मूळ अमेरिकन जमातींचं काय?

त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग होता आणि त्यात ८० हजारांवर लोक सहभागी झाले. वयाची आणि लग्नाची अट नव्हती. बरेच जण आपल्याच भूमीवर, घरी राहून काम करत. विहिरी, झरे, कुंपणं, घळींवरचे बांध अशी कामं झाली. अलास्कात १९३८ पासून टिलिंगिट आणि हायडा कारागीर या योजनेवर रुजू झाले. ओस पडलेल्या गावांत कुजत चाललेले जुने कोरीव खांब (टोटेम पोल) त्यांनी उचलून आणले, शक्य ते दुरुस्त केले आणि न होण्यासारख्यांच्या हुबेहूब प्रती घडवल्या. वृद्ध कारागिरांच्या हाताखाली तरुणांनी वाकस चालवायला शिकणं, हे मला या सगळ्या इतिहासातलं फार सुंदर चित्र वाटतं.

याच काळात नैर्ऋत्येतल्या नाव्हाहो जमातीच्या भूमीवर मात्र चराईचा भार कमी करण्याच्या नावाखाली सरकारने लोकांच्या मेंढ्या आणि बकऱ्या काढून घेतल्या, हजारो मारल्या. तो निर्णय सीसीसीचा नव्हता. पण मातीची निगा राखायला आलेलं सरकार आणि कळप हिरावणारं सरकार हे नाव्हाहोंसाठी एकच होतं.

१२. सीसीसीत भारतीय होते का?

भारतातून गेलेल्या माणसाला दार बंदच होतं. नागरिकत्वाची अट होती, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व घेता येणार नाही असा निकाल दिला होता. ती बंदी १९४६ मध्ये उठली, तोवर सीसीसी संपून चार वर्षं झाली होती.

१३. मग हरितक्रांतीशी संबंध जोडतात तो कसा?

हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्यामुळे. शिक्षणाला पैसे कमी पडले म्हणून १९३५ मध्ये त्यांनी अभ्यास थांबवून सीसीसीत पोरांच्या तुकडीवर म्होरक्या म्हणून काम केलं. हाताखाली आलेली पोरं उपासमारीने खंगलेली होती, आणि पोटात अन्न गेल्यावर माणूस कसा पालटतो हे त्यांनी तिथे पाहिलं. त्या अनुभवाचे व्रण मनावर राहिले असं ते पुढे सांगत. त्यांच्या मेक्सिकोतल्या बुटक्या गव्हाच्या जाती साठच्या दशकात भारतात आल्या आणि १९७० मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. आपल्या ताटातल्या पोळीपर्यंत येणारा हा एक बारीक, पण खरा धागा आहे.

१४. १९३५ च्या फ्लोरिडा वादळात सीसीसीचे लोक मेले होते ना? आणि मैदानी प्रदेशातले वारारोधक पट्टेही त्यांचेच ना?

दोन्ही ठिकाणी गल्लत होते. २ सप्टेंबर १९३५ च्या वादळात फ्लोरिडा कीज बेटांवर शेकडो माजी सैनिक मेले, ते दुसऱ्या मदत योजनेखाली रस्त्याचं काम करत होते. धुळीच्या वादळांनंतर मैदानी राज्यांत १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडांचे पट्टे लावले गेले, तो वनखात्याचा वेगळा प्रकल्प होता आणि त्यावरचे मजूर मुख्यतः डब्ल्यूपीए या दुसऱ्या रोजगार योजनेतले होते.

१५. एवढी लोकप्रिय योजना बंद का पडली?

काम संपलं नव्हतं, बेकार पोरं संपली. युद्धसामग्रीचे कारखाने सुरू झाले तशी भरती आटली, आणि पर्ल हार्बरनंतर पैसा युद्धाकडे वळला. काँग्रेसने निधी थांबवला आणि ३० जून १९४२ ला योजना गुंडाळली. ती कायमस्वरूपी करावी ही रूझवेल्ट यांची इच्छा होती, ती काँग्रेसने मान्य केली नाही. खर्च हाही मुद्दा होता: एका पोरामागे वर्षाला सुमारे हजार डॉलर.

रिकाम्या छावण्यांत पुढे मनाला पटत नाही म्हणून लढायला नकार देणारे तरुण, युद्धकैदी, आणि काही ठिकाणी डांबलेले जपानी वंशाचे अमेरिकन ठेवले गेले.

तिचा वारसा सांगणारी सर्वांत टिकाऊ योजना म्हणजे १९७६ मध्ये सुरू झालेलं कॅलिफोर्निया कॉन्झर्व्हेशन कोअर. तिथे मुलीही असतात आणि वणवे, पूर, भूकंप सगळीकडे ती पोरं-पोरी पुढे असतात.

१६. आपली रोजगार हमी योजना सीसीसीवरूनच घेतली का?

नाही. ती १९७२ च्या दुष्काळातून, आपल्याच मातीतून उभी राहिली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. फरक मुळातच आहे: सीसीसीत सरकार निवडत असे, रोहयोत काम मागणं हा हक्क आहे. सीसीसीत स्त्रिया नव्हत्या (प्रश्न १०), रोहयोच्या बांधावर पाटी उचलणाऱ्यांत त्या प्रचंड संख्येने आहेत. सीसीसीकडून घेण्यासारखं राहून गेलं ते संध्याकाळचे वर्ग आणि कामावर रोज हजर असणारा जाणता तज्ज्ञ. अनघड दगडांचा बांध कोणीही रचू शकतो, पण तो कुठल्या वळणावर रचायचा हे सांगणारा माणूस तिथे उभा असावा लागतो.

१७. आम्ही अमेरिकेत राहतो. हे काम कुठे बघता येईल?

डेन्व्हरजवळचं रेड रॉक्स खुलं नाट्यगृह १९३६ ते १९४१ मध्ये बांधलं गेलं, आणि ते बांधणाऱ्या पोरांची छावणीही जवळच बऱ्याच अंशी शाबूत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला माउंट टॅमलपायसवरचं दगडी बैठकांचं नाट्यगृह, शिकागोहून जाता येईल असं स्टार्व्ह्ड रॉकचं लाकडी विश्रामगृह, टेक्सासात बॅस्ट्रॉपच्या दगडी कुट्या. मिनेसोटातली कॅम्प राबिडो ही टिकून राहिलेल्या मोजक्या छावण्यांपैकी एक.

वॉशिंग्टनजवळ राहत असाल तर शेनान्डोआला जा. तिथल्या स्कायलाइन ड्राइव्हच्या कडेचे दगडी कठडे या पोरांच्या हातचे आहेत. गाडी थांबवून एकदा कठड्यावर हात फिरवा, दगड कसे बेतून बसवलेत ते कळेल. आणि हेही लक्षात ठेवा की या उद्यानासाठी सुमारे ५०० डोंगरी कुटुंबं उठवली गेली, त्यांची कित्येक घरं मोडायचं कामही याच पोरांवर आलं. झाडीत एखादी एकटी धुराडी दिसली तर ती त्यांच्या चुलीची.

१८. आमच्या सुनेचे आजोबा सीसीसीत होते म्हणतात. नोंद कुठे मिळेल?

सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या तरुणांच्या वैयक्तिक नोंदी आहेत. त्या काळी वापरलेलं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि भरती झालेलं राज्य एवढं कळवलं की शोध सोपा होतो. घरात जुनं सुटकापत्र सापडलं तर आधी ते बघा: त्यावर कंपनीचा, म्हणजे छावणीतल्या तुकडीचा, क्रमांक असतो, आणि क्रमांकावरून छावणी कुठे होती आणि तिने काय बांधलं याचा माग काढता येतो.